सोळाव्या भागानंतर

"नाही म्हणजे नाही! पंधरा भाग जी बाई मिठाची गुळणी धरून बसली, ती सोळाव्यात उठून पोलीस चौकीत जाते? असं कोणी बदलतं का?"

विमल मांडवकर इतक्या मोठ्याने बोलली की टीव्हीपुढे बसलेल्या बायका एकदम मागे वळल्या.

"अहो वहिनी, ती एकदम नाहीच बदलली," चांदणी म्हणाली. ती दुसऱ्या मजल्यावरची, विमलच्या बरोब्बर खालची. मांडीवर आठ महिन्यांची मुलगी झोपलेली, म्हणून दबक्या आवाजात भांडत होती. "तुमचं लक्षच नव्हतं. सहाव्या भागात तिने सासूच्या आधी काड्या उचलल्या होत्या जेवायला. आठवतंय? सगळे कसे बघत राहिले तिच्याकडे!"

"सासूच्या आधी घास खाल्ला म्हणजे नवऱ्याला पकडून देण्याएवढी हिंमत आली?"

"सुरुवात तिथनंच होते ना पण!"

"मना तं तिचा नवराच बदललेला वाटतो," पार्वतीकाकू म्हणाल्या. त्या पहिल्या मजल्यावरच्या, मूळ भाईंदरच्याच मुर्धा गावच्या. माहेर आणि सासर दोन्हीकडे एके काळी मिठागरं. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायची त्यांची जागा ठरलेली होती. "पयल्या भागान काय त्याचा रुबाब! आन् शेवटाला कसा कुत्र्यागत मागं मागं फिरं. ती बया व्हती तशीच हाय."

"वो सब छोडो," समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन म्हणाल्या. "वो बस में चढी कि नहीं चढी, इतना बताओ. सोला एपिसोड देखा, और लास्ट में खाली बस का दरवाजा दिखाया."

"दरवाजा बंद हुआ ना, मासी," विमलची मुलगी स्वाती म्हणाली. "मतलब चढ गई."

"दरवाजा तो ऐसे भी बंद होता है."

सगळ्या हसल्या. पार्वतीकाकू हसता हसता खोकल्या आणि त्यांनी तळव्याने जमिनीवर दोन थापा मारल्या. विमल हसली नाही. ती मघापासून बायका मोजत होती. अकरा. चांदणीची मुलगी धरली तर साडेअकरा.

शनिवारी दुपारी दोन ते चार ही त्यांची वेळ. स्वातीची एक मैत्रीण स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये काम करायची, मणिपूरची. तिच्याकडून कोरियन सिरियलच्या डीव्हीडी यायच्या. बोलणं कोरियन, खाली अक्षरं इंग्रजी. स्वाती ती अक्षरं वाचून भराभर मराठीत सांगायची, आणि हंसाबेनसाठी मध्येच हिंदीत. कोरियन नावं कोणाच्याच तोंडात बसेनात, म्हणून बायकांनी त्यांचं बारसं केलं होतं: मोठी सून, टोपीवाली सासू, चष्मेवाला दीर. गोष्ट अशी की मोठ्या सुनेच्या नवऱ्याने गाडीखाली एका माणसाला चिरडलं आणि धाकट्या भावाने, म्हणजे चष्मेवाल्याने, ते स्वतःवर घेतलं. मोठी सून त्या वेळी मागच्या सीटवर होती. तिने सगळं पाहिलं होतं. पंधरा भाग ती गप्प राहिली, सोळाव्यात चौकीत सगळं सांगून घर सोडून निघाली.

दर आठवड्याला दोन भाग. आज पंधरावा आणि सोळावा झाला, सिरियल संपली, तरी कोणी उठेना.

"मम्मी, तुला ती आवडत नाही का?" स्वातीने विचारलं.

"आवडायचा प्रश्न नाही. घाबरलेलं माणूस घाबरलेलंच राहतं. हे सिनेमावाले उगाच शेवट गोड करायला बायकांना वाघीण करतात."

"कोणाबद्दल बोलतायत ते कळलं," कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू फुटलं.

त्यात त्यांची चूक नव्हती. विमलचं भित्रेपण हा सबंध सोनचाफा अपार्टमेंटचा करमणुकीचा विषय होता. लांज्याजवळच्या गावातून लग्न होऊन ती भाईंदर पूर्वेला आली त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तिने गॅसचा कॉक तीनदा तपासल्याशिवाय घर सोडलं नव्हतं. सरकत्या जिन्यावर ती पाय ठेवत नसे. लिफ्ट नको म्हणून बहिणीच्या सातव्या मजल्यावर चालत जायची. साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन घरात आणलं तेव्हा पहिले आठ दिवस पायात रबरी चप्पल घालून बसली होती, शॉक लागेल म्हणून. पाल दिसली की तिची किंकाळी तळमजल्यावरच्या दुकानांपर्यंत जायची. नवरा, पंढरीनाथ, तिला भित्री भागूबाई म्हणायचा, रागाने नव्हे, लाडाने. पण त्याचा परिणाम असा झाला होता की विमल घाबरली आहे ही आता बातमीच राहिली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये जे झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. विमल आणि पंढरीनाथ सोडून.

पंढरीनाथ सोसायटीचा सेक्रेटरी. चेअरमन वर्षातून दहा महिने मुलाकडे बडोद्याला, त्यामुळे सगळा कारभार पंढरीनाथकडे. पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर स्लॅबचा तुकडा पडला, कोणाला लागलं नाही, पण सभेत आरडाओरडा झाला, म्हणून इंजिनीअर आणला. तो तरुण होता, हळू बोलायचा. दोन दिवस तो हातोडीने कॉलम वाजवत फिरला. विमलच्या स्वयंपाकघरातल्या कॉलमला उभी भेग होती. ती भेग विमलला वर्षानुवर्षं ठाऊक होती. तिच्यावर चुन्याचा हात फिरवून त्यांनी किती गणपती साजरे केले होते. इंजिनीअरने त्या भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि बाजूला तारीख लिहिली.

"ताई, ही रोज बघायची," तो म्हणाला. "काच ताणली जात नाही, सरळ तुटते. बांधकाम हललं की पहिली ही सांगेल. तुटली तर मला फोन नंतर करा. आधी घराबाहेर पडा."

पंधरा दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. पंढरीनाथने तो इंग्रजीतला रिपोर्ट स्वातीला दाखवला नाही. रात्रीची भांडी आवरताना विमलला एका वाक्यात सांगितलं: "बिल्डिंग रिकामी करा म्हणतोय." आणि मग दुसऱ्या वाक्यात, "कोणाला बोलायचं नाही."

"का नाही बोलायचं?"

"चाव्या दिल्या की घर गेलं, विमल. नवीन बांधून देतो म्हणून किती बिल्डिंगी पाडल्या, त्यातले किती जण परत आले? मी नावं सांगू? एक जण नाही. मी गावाहून आलो तेव्हा बारा जणांत एका खोलीत झोपायचो, पाळीपाळीने. हे घर उभं करायला माझी उमर गेली. एका पोरगेल्या इंजिनीअरने कागदावर सही केली म्हणून मी चाव्या देऊ?"

"पण तो म्हणाला..."

"काच शाबूत आहे ना? मग?"

हा 'मग' त्यानंतर रोजचा झाला. सोसायटीत कोणी विचारलं तर पंढरीनाथ सांगायचा, रिपोर्ट अजून आलेला नाही. विमल पहाटे उठून गॅस पेटवायच्या आधी टॉर्च घेऊन पट्टीपाशी उभी राहायची. शाबूत. दुपारी मशीनवर फॉल लावताना तिला वाटायचं, आपण पायाने पॅडल मारतोय त्याने खाली काही होत नसेल? रस्त्यावरून डंपर गेला की ती उठायची, पट्टी बघायची, परत बसायची. तिने पितळेचा हंडा कॉलमपासून दूर, दारापाशी नेला. तांदळाचा डबा गॅलरीत हलवला. सासूबाई, म्हणजे सरूबाई, म्हणाल्या, "घर काय शिफ्ट करतेस का?"

तिचं खोटं मात्र तिचं तिनेच केलं होतं. दिवाळीचा फराळ घेऊन चांदणी आली, तिची नजर त्या काचेवर गेली. "हे काय हो वहिनी?"

विमलच्या तोंडून निघून गेलं, "वास्तूचं आहे. दोष जातो म्हणे. भेगेवरच लावायची असते."

त्या वर्षी वास्तूचं वेड घराघरात होतं. कोणी संडासाच्या दाराला आरसा लावला होता, कोणी पलंगाची दिशा फिरवली होती. चांदणीने दुसऱ्याच दिवशी पंढरीनाथला गाठलं, "भाऊ, आम्हालापण लावून द्या ना. आमच्या किचनमध्येपण तिथेच भेग आहे." पंढरीनाथने विमलकडे असं पाहिलं की तिला जमिनीत जावंसं वाटलं. पण खोटं टिकवायचं तर पट्टी लावणं भाग होतं. त्याने काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणल्या. चांदणीकडे एक लावली. मग पार्वतीकाकूंकडे. मग दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन घरी. पार्वतीकाकू आपल्या काचेला रोज सकाळी हळदकुंकू वाहत. सबंध इमारतीत पाच पट्ट्या झाल्या, आणि त्यातल्या चार घरांना ठाऊक नव्हतं की ती कशासाठी आहे.

आणि दर शनिवारी अकरा बायका तिसऱ्या मजल्यावर तिच्याच घरी येत होत्या, कारण डीव्हीडी प्लेअर तिच्याच घरी होता. ती नको म्हणू शकत नव्हती. नको म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. तिने एकदा डोकं दुखतंय सांगितलं, तर हंसाबेन बाम घेऊन आल्या. एकदा प्लेअर बिघडलाय म्हणाली, तर स्वातीने बटण दाबून चालू करून दाखवला. मग ती सिरियल न बघता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, एक डोळा बायकांवर, एक कॉलमवर.

"चला, उठा, चार वाजले," विमल आता म्हणाली. "पाणी येईल."

"बस का फैसला होने दो," हंसाबेन म्हणाल्या.

"चढली ती, चढली! घरी जा."

बायका उठू लागल्या. चांदणीने मुलीला खांद्यावर घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि दारातून मागे वळून म्हणाली, "वहिनी, एक विचारायचं राहिलंच. आमची ती वास्तूची काच काल तडकली. अपशकुन तर नसतो ना? भाऊंना सांगा ना, दुसरी लावून द्यायला."

विमलने दाराची चौकट धरली.

"कोणी... कोणी हात लावला होता? लाटणं वगैरे?"

"नाही हो. काल सकाळी बघितलं तर मधोमध दोन तुकडे. पडलीपण नाही."

विमल तिच्या मागोमाग अनवाणीच खाली गेली. चांदणीचं स्वयंपाकघर तिच्याच स्वयंपाकघरासारखं, ओट्याची उंचीही तीच. काच सरळ रेषेत तुटलेली होती. दोन तुकड्यांच्या मध्ये फट होती. विमलने करंगळीचं नख लावून पाहिलं. नख आत गेलं.

"काय झालं वहिनी? चेहरा का असा केलात?"

"चांदणी, दोन दिवस माहेरी जा. पाली गावाला. आत्ता जा, बाळाला घेऊन."

"आत्ता? कशाला? यांच्या ऑफिसमधले जेवायला यायचेत उद्या." चांदणी हसली. "वहिनी, सिरियल तुमच्या डोक्यात गेलीय. तुम्हीपण बस पकडायला लावताय मला."

आता सांग, विमल स्वतःला म्हणत होती. तीन शब्द आहेत: इमारत पडणार आहे. पण कानात एकच आवाज, कोणाला बोलायचं नाही. आणि त्याहून वाईट एक भीती: मी हिला वास्तू म्हणून सांगितलं होतं. ही माझ्या तोंडावर थुंकेल. ती "बघते हं" असं काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली.

पहिल्या मजल्यावर पार्वतीकाकूंचं दार उघडंच होतं. काकू नुकत्याच घरात येऊन चहा टाकत होत्या. "ये गो बाय. त्या नवऱ्याचा तुला सांगते..."

"काकू, तुमची काच बघू?"

"तुटली ती. परवाच. मी फूल ठेवलाय तिच्यावर. तुटक्या देवाला काय टाकून देतात?"

जास्वंदीचं फूल फटीत खोचलेलं होतं.

विमल जिन्यात येऊन बसली. तिथून तिने पंढरीनाथला कारखान्यात फोन लावला. मागे पॉलिशच्या मशिनींचा आवाज येत होता. "खालच्या दोन्ही तुटल्यात," ती म्हणाली. "चांदणीची आणि काकूंची."

"आपली?"

"आपली नाही."

"मग? पोरीने मारली असेल चांदणीच्या. म्हातारीने फुलं खोचून तोडली असेल."

"आधी तुटली, मग फूल खोचलं."

"मी सातला येतो. आल्यावर बोलू. तोपर्यंत कोणाला काही बोलू नकोस. ऐकतेस ना? घाबरून आरडाओरडा करू नकोस, मांडवकरांची बायको बघा म्हणतील, उद्या मला तोंड दाखवायचंय इथे."

साडेचार ते सात. हे अडीच तास विमल पुढे कधी कोणाला नीट सांगू शकली नाही. ती जिन्यातून उठली नाही. वर जाणारा प्रत्येक माणूस तिने मोजला. क्लासमधून आलेली दोन मुलं. गॅस सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस. तो वर गेला तेव्हा तिने श्वास धरला, उतरला तेव्हा सोडला. कोणाच्या तरी घरी पाहुणे आले, सहा जण, मिठाईचा बॉक्स घेऊन. तिला पकडून त्यांना सांगावंसं वाटलं, परत जा. तिने पाय आक्रसून त्यांना वाट दिली. "काय वहिनी, जिन्यात?" "हवा खातेय." एकदा वरून काहीतरी धपकन पडलं आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोणीतरी गादी झटकत होतं.

तिने आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींची भीती बाळगली होती त्या एकेक करून तिला आठवल्या. कॉक कधी उघडा राहिला नव्हता. शॉक कधी लागला नव्हता. पाल अंगावर कधी पडली नव्हती. बावीस वर्षं तिने खोट्या गोष्टींना घाबरून सगळ्यांना हसवलं होतं, आणि आता खऱ्याला घाबरायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे कोणाला पटेल असा चेहराच उरला नव्हता. उद्या ही माणसं राहिली नाहीत तर? तिला चांदणीच्या मुलीचा खांद्यावरून लोंबणारा हात दिसला, त्यातली काळ्या मण्यांची मनगटी.

मग तिने दाजींना फोन केला, पंढरीनाथच्या बहिणीच्या नवऱ्याला, नालासोपाऱ्याला. फार बोलली नाही. ते "या" म्हणाले.

सात वाजता पंढरीनाथ आला. मानेवर पॉलिशची काळी पूड, हातात केळी. जिन्यात तिला बघून त्याने दंडाला धरून उठवलं, 'तू हो वर' म्हणाला आणि थोड्या वेळाने मागून आला. सरूबाई ताटात वाल सोलत होत्या. स्वाती फोनवर मैत्रिणीला नवीन सिरियलच्या डीव्हीडी मागत होती. पंढरीनाथ सरळ स्वयंपाकघरात गेला, वाकून त्याने पट्टी पाहिली आणि बाहेर आला.

"आपली ठीक आहे," तो म्हणाला. "बघ जाऊन. उद्या खालच्या दोन बदलतो."

"कशाला बदलता? पुन्हा तुटायला?"

"विमल, आवाज."

"काय तुटलंय?" स्वातीने फोन कानापासून काढला.

"काही नाही. तुझी आई घाबरलीय."

"आज काय, पाल का?" स्वाती हसली.

सरूबाईंनी मान वर केली. "पाल? खय?"

पंढरीनाथ खुर्चीत बसला, त्याने बूट काढले नाहीत. त्याच्या हातातली केळी अजून हातातच होती. तोही घाबरला होता. बहुतेक तिच्याआधीपासून.

"तुम्ही वर येताना खालच्या दोन्ही घरी जाऊन पाहिलं?" तिने विचारलं.

त्याने केळी जमिनीवर ठेवली.

"पाहिलं ना?"

"चांदणीकडे दार बंद होतं," तो म्हणाला. "काकूंकडे पाहिलं. फूल बाजूला करून." मग लगेच, "सोमवारी इंजिनीअरला बोलावतो. सोमवारपर्यंत काही होत नाही. चोवीस वर्षं उभी आहे ही. उद्या रविवार, कोणी भेटणारपण नाही. विमल, एवढं ऐक. एकदा का लोक खाली उतरले ना, तर मला परत वर चढू देणार नाहीत. मी रिपोर्ट दोन महिने दाबला, हे निघेल. तुला कळतंय का माझं काय होईल?"

"कुठला रिपोर्ट?" स्वातीने फोन बंद केला.

विमलने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली कागदपत्रांची पिशवी काढली आणि स्वातीच्या हातात दिली. सासूबाईंच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. ताटातले वाल सांडले. तिने ते वेचले नाहीत.

"आईंना हात धरून खाली ने, स्वाती. औषधांचा डबा घे, शाल घे, दुसरं काही नको. दाजींना मी सांगितलंय, आजपासून आपण त्यांच्याकडे राहणार." ती पंढरीनाथकडे वळली. "तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर मी ओढत नाही. मी आता चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत एकेक दार वाजवत जाणार आहे. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते सांगणार, आणि वास्तूचं मी खोटं बोलले तेही सांगणार. आज रात्री या इमारतीत कोणी झोपणार नाही."